उन्हाळ्यात कोंबड्यांचं पाणी गार कसं ठेवायचं: कोकणच्या दमट हवेसाठी

कोंबडीला तापलेलं पाणी चालत नाही. हिमाचल-काश्मीरकडे थंडीत पाण्याचं भांडं गोठतं आणि कोंबड्या तहानलेल्या राहतात. आपल्याकडे मार्च ते मे भांडं काठोकाठ भरलेलं असतं, आणि तरीही त्या तहानलेल्या राहतात, कारण आतलं पाणी चटका बसावा इतकं तापलेलं असतं. परिणाम दोन्हीकडे एकच. पाणी कमी झालं की खाणं कमी होतं, खाणं कमी झालं की अंडी थांबतात. अंड्याच्या आतला जवळजवळ तीन-चतुर्थांश ऐवज पाणीच असतो, ते पोटात गेलंच नाही तर अंडं होणार कशाचं?

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या पूर्णगडच्या खाडीच्या वरच्या अंगाला आहे. मागील दारी वीस-पंचवीस कोंबड्या असतात, गावठी जास्त, थोड्या गिरिराज आणि कावेरी या सुधारित जातींच्या. इथे लिहिते आहे ते मुख्यतः अशा घरगुती पाळणाऱ्यांसाठी आहे. शेड बांधून पाचशे-हजार पक्षी करणाऱ्यांसाठीही पुढे थोडं आहे.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमानच मुळी 41-42 अंश असतं, त्यामुळे बाहेर 36-37 झालं की तिच्याकडे उष्णता बाहेर टाकायला वाव फार कमी उरतो. मग ती पंख अंगापासून सोडवून उभी राहते, चोच उघडून धापा टाकते, गळ्याची कातडी भराभर थरथरवते. त्या धापेतून वाफ बाहेर जाते आणि ती वाफ म्हणजे तिनं प्यायलेलं पाणी. एरवी मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पुरतं. कडक उन्हाळ्यात तेच अर्ध्या लिटरवर जातं, कधी त्याच्याही पुढे. दहा कोंबड्या असतील तर पाच लिटर पाणी दिवसभरात त्यांच्या पोटात जायला हवं, असा हिशेब धरा.

पाणी त्यांना पसंत नाही हे ओळखायचं असेल तर दुपारी दोनच्या सुमारास भांड्याजवळ पाच मिनिटं बसा. कोंबडीला पाणी ओढून पिता येत नाही. ती चोच बुडवते, चोचीत घोट घेते, मान वर करते आणि घोट आपसूक घशाखाली उतरतो. पाणी गार असेल तर ती हे लागोपाठ दहा-बारा वेळा करते. तापलेलं असेल तर एकदा चोच बुडवते, मान झटकते, थेंब उडवते आणि निघून जाते. थोड्या वेळानं परत येते, परत मान झटकते. हे दिसलं की पाणी लगेच ओतून टाकायचं, संध्याकाळची वाट बघायची नाही.

मडक्यावर किती भरवसा ठेवायचा

घाटावरची माणसं सांगतात, मातीच्या मडक्यात पाणी ठेवा, गोणपाट ओलं करून गुंडाळा, काम झालं. सोलापूर-सांगलीकडे ते खरंच आहे. कोकणात मात्र ते अर्धंच खरं आहे, आणि हे समजून घेतल्याशिवाय आपल्याकडच्या कोंबड्यांचा उन्हाळा सुखाचा होत नाही.

मडकं पाणी गार करतं ते झिरपलेल्या पाण्याची वाफ होऊन. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त, तितका गारवा जास्त. घाटावर 40 अंश आणि हवेत आर्द्रता 20 टक्के असेल तर मडक्यातलं पाणी 22-23 अंशांच्या आसपास उतरू शकतं. आपल्याकडे पारा 34 वर आणि आर्द्रता 65 टक्के असेल तर मडक्याची धाव 28 अंशांच्या आसपास संपते. त्याखाली पाणी जातच नाही, मडकं कितीही चांगलं असो. हवाच आधी ओलीचिंब, ती आणखी पाणी उचलणार कुठून?

आता दुसरी गोष्ट बघा. विहिरीचं पाणी बारा महिने त्या भागातल्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळपास राहतं. आपल्या किनारपट्टीवर ते 27 अंशांच्या आसपास असतं. म्हणजे भर दुपारी रहाटानं वर काढलेली ताजी कळशी ही मडक्याच्या पाण्याइतकीच गार असते, उलट थोडी जास्तच. म्हणून कोकणात मडक्याचं काम पाणी गार करणं हे नाही, गार पाणी गार राखणं हे आहे. गार पाणी यायचं ते विहिरीतून, आणि ते वेळेवर आलं पाहिजे.

एक अपवाद सांगते. मार्चमध्ये काही दिवस घाटावरून, म्हणजे पूर्वेकडून, कोरडा वारा सुटतो आणि समुद्राकडचा खारा वारा दुपार उलटून गेली तरी येत नाही. तेव्हा किनाऱ्यावरही पारा 38-40 वर जातो. हवामान खात्याच्या निकषात किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा विचार 37 अंशांपासून सुरू होतो, सपाट प्रदेशात 40 पासून, ते याच कारणानं की दमट हवेत 37 देखील जिवाला भारी पडतात. पण हे पूर्वेच्या वाऱ्याचे दिवस कोरडे असतात, आणि त्या दिवसांत मडकं आणि ओलं गोणपाट घाटावरच्यासारखं काम करतं. ओठ सुकायला लागले, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक वाळले की समजायचं, आज गोणपाट भिजवायचा दिवस. एरवीच्या चिकट दिवसांत गोणपाट भिजवत बसण्यापेक्षा तो वेळ पाणी बदलण्यात घालवा.

पाणी कधी बदलायचं

आमच्याकडे हे असं चालतं. सकाळी खुराडं उघडायच्या आधी भांडी भरलेली असतात, कारण रात्रभर अंधारात कोंबडी पीत नाही आणि बाहेर पडल्यावर ती आधी पाण्यावर जाते. मग अकराला, दुपारी एक-दीडला आणि साडेतीनला जुनं पाणी केळीच्या बुंध्यात ओतायचं आणि विहिरीचं ताजं भरायचं. शेवटची फेरी सूर्य कलल्यावर, सहाच्या आधी. ही संध्याकाळची फेरी बरेच जण टाळतात, पण टाळू नये. कोंबड्या खुराड्यात जायच्या आधी भरपूर पितात आणि त्या पाण्यावरच त्यांना रात्र काढायची असते. पत्र्याचं खुराडं असेल तर रात्री दहापर्यंत आत धग असते.

भांडं पूर्ण भरू नका. थोडं पाणी लवकर तापतं हे खरं, पण मोठं भांडं एकदाच भरून ठेवलं की माणूस निर्धास्त होतो आणि पाणी दिवसभर तसंच राहतं. दुपारच्या फेऱ्यांना दोन तास पुरेल इतकंच घाला. सकाळी आणि संध्याकाळी भरपूर.

दिवसभर कामावर असाल, मध्ये कुणी घरात नसेल, तर मग मोठं मडकंच बरं. दहा-बारा लिटरचं जाड बुडाचं मडकं अर्धं मातीत पुरा, तोंडावर फळकुट ठेवा, आणि त्याच्या कुशीला बारीक भोक पाडून खाली परळ, म्हणजे मातीची पसरट थाळी, ठेवा. भोक परळाच्या काठाच्या जरा खाली आलं पाहिजे आणि मडक्याचं तोंड मेण लावून हवाबंद केलं पाहिजे, तरच पाणी परळात तेवढ्याच पातळीला थांबतं. झाकण सैल राहिलं तर सगळं मडकं वाहून जातं. हे जमवायला खटपट आहे, पण जमलं की दिवसभराची काळजी मिटते. जमत नसेल तर साधे दोन-तीन परळ गर्द सावलीत वेगवेगळ्या ठिकाणी भरून जा.

भांडं कुठलं, ठेवायचं कुठे

मातीचा परळ सगळ्यात चांगला. पसरट, जड, कोंबडी काठावर चढली तरी कलंडत नाही. सावलीत प्लास्टिकचं भांडंही चालतं, पण पांढरं किंवा फिकट रंगाचं घ्या, काळं नको. ॲल्युमिनियमचं पातेलं आणि जस्ताची बादली उन्हाळ्यात बाजूला ठेवा. त्यांच्यावर ऊन पडलं की पाणी बघता बघता तापतं. नारळाच्या करवंटीत मोठ्या कोंबडीला पुरेसं पाणी मावत नाही, पण अंड्यांवर बसवलेल्या खुडूक कोंबडीच्या टोपलीशेजारी करवंटी ठेवायला सोयीची. मे महिन्यात बसवलेली कोंबडी तहान लागली तरी अंडी सोडून लांब जात नाही, बसल्या जागी वाळते. तिला पाणी मानेच्या अंतरावर हवं.

पिल्लांसाठी उथळ थाळी घेऊन त्यात सुपारीएवढे गोटे घाला, म्हणजे ती बुडत नाहीत. आणि पहिल्या आठवड्यात त्यांना विहिरीचं अगदी ताजं गार पाणी न देता तासभर सावलीत ठेवलेलं द्या. मोठ्या कोंबडीचे नियम पिल्लांना लागू नाहीत.

जागा ही भांड्यापेक्षा महत्त्वाची. दुपारी कोंबड्या जिथे बसतात तिथे पाणी पाहिजे. पाण्यासाठी पाच पावलं उन्हातून जावं लागणार असेल तर त्या जात नाहीत, तशाच धापा टाकत बसतात. आमच्या दुपारी फणसाखाली असतात, म्हणून एक परळ फणसाच्या बुंध्याला, एक मांगराच्या (गोठ्यासारख्या खोपटाच्या) उत्तरेकडच्या भिंतीशी. चिऱ्याची भिंत सकाळी थोडी भिजवली तर बराच वेळ ओली राहते. माडाखाली ठेवू नका. माडाची सावली विरळ आणि फिरती असते, वर नारळ पडायची भीती. आंबा, फणस, रातांबा (कोकम) यांची सावली दाट. झाड नसेल तर चार मेढी रोवून झावळ्यांचे झाप टाका, पण बाजू उघड्या ठेवा म्हणजे खारा वारा आरपार जाईल. कोंदट सावली उन्हाइतकीच वाईट.

कमीत कमी दोन ठिकाणी पाणी ठेवाच. कळपात एक-दोन दांडग्या कोंबड्या असतात, त्या भांड्याजवळ ठाण मांडतात आणि तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, टोचून हाकलतात. दुसरं भांडं पहिल्यावरून दिसणार नाही अशा ठिकाणी हवं.

आणि एक सावधगिरी. गार ओल्या जागेला बेडूक येतात, बेडकामागे जनावर, म्हणजे साप, येतं. रत्नागिरी-देवगडच्या कातळावर फुरसं काही कमी नाही. परळ उचलताना आधी काठीनं सरकवा, बुडाखाली बघा, मगच हात घाला. रात्री तर भांडी पालथी घालून ठेवलेलीच बरी.

टाकी आणि नळाचं पाणी

ज्यांच्याकडे पंपानं टाकीत पाणी चढतं त्यांनी दुपारी एकदा नळाखाली हात धरून बघावा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. तेच पाणी ‘ताजं’ म्हणून भरलं तर सगळी मेहनत फुकट. निदान पाइपातलं तापलेलं पाणी आधी झाडांना सोडा, मग भांडी भरा. शेडवाल्यांनी टाकीवर झापांचं छप्पर करावं, टाकीला बाहेरून चुना द्यावा, पाइप हातभर खोल मातीत पुरावा आणि निपलच्या (चोचीनं दाबल्यावर थेंब सोडणाऱ्या तोट्यांच्या) लाइनीत साचलेलं पाणी अकरा ते चार दर दोन तासांनी शेवटच्या टोकाची तोटी उघडून काढून टाकावं. पत्र्यावर चुना आणि त्यावर पेंढा किंवा झाप टाकले की शेडमधली धग लक्षणीय उतरते. फॉगरच्या, म्हणजे बारीक तुषार उडवणाऱ्या यंत्राच्या, मागे लागू नका. दमट हवेत फॉगरचं धुकं अंगावर तसंच बसतं, खालचं लिटर (भुशाचं अंथरूण) ओलं होतं आणि कोंबडीला धापेतून वाफ टाकणं आणखी कठीण जातं. तुषारांपेक्षा पंखा लावा. हलती हवा कोकणात जास्त उपयोगी.

बर्फाचं विचारतात. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून फ्रिजरमध्ये गोठवा आणि ती बंद बाटली परळात ठेवा, हे उत्तम चालतं. पण मेमध्ये वळवाच्या आधी वीज जाते-येते, म्हणून त्यावर विसंबू नका. बंदरावरून मासळीचा बर्फ कुणी देत असेल तर तो पाण्यात टाकू नका. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. भांड्याच्या बाहेरून घमेल्यात ठेवला तर हरकत नाही.

मचूळ पाणी

खाडीकाठी राहणाऱ्यांनी हे लक्षपूर्वक वाचा. एप्रिल-मेमध्ये विहिरीची पातळी खाली गेली की खाडीचं खारं पाणी आत झिरपतं आणि विहीर मचूळ होते. आपण ते तोंडात घेतलं की थुंकतो, वरच्या वाडीतून पिण्याचं पाणी आणतो, आणि कोंबड्यांना मात्र तेच घालतो. कोंबडीला मीठ सोसत नाही. जास्त मीठ पोटात गेलं की ती आणखी पाणी पिते, विष्ठा पाण्यासारखी होते, आणि पिल्लं तर दोन दिवसांत मान टाकतात. उकळून, गाळून, मडक्यात ठेवून मीठ जात नाही, उकळल्यानं उलट वाढतं. साबणाला फेस येईनासा झाला, चव मचूळ लागली की त्या दिवसापासून कोंबड्यांचं पाणी वरच्या विहिरीचं. दहा कोंबड्यांना पाच लिटर, म्हणजे एका कळशीत भागतं. माणसांसाठी आणता तेव्हा एक कळशी जास्त आणा.

याच कारणानं उरलेलं आगळ, पेज, भाजीचं खारट पाणी कोंबड्यांच्या भांड्यात ओतू नका. कोकमाचं आगळ थंड म्हणून कोंबडीलाही चांगलं, असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. त्यात मीठ भरपूर असतं.

पाण्यात काय घालावं

रोज काहीच नाही. साधं स्वच्छ गार पाणी हेच औषध. पारा चढलेल्या दिवशी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं आणलेली इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावरच्या प्रमाणात सकाळच्या पाण्यात घालावी. कोंबडी सतत धापा टाकते तेव्हा श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताचा तोल बिघडतो आणि अंड्याचं कवच पातळ येतं. उन्हाळ्यात टोपलीत फुटकी अंडी वाढतात त्याचं हे एक कारण. ताक द्यायचं तर पातळ, बिनमिठाचं, मातीच्या परळात, आणि दोन तासांत संपेल एवढंच. जस्ताच्या भांड्यात ताक कधीही नको, आंबटपणानं जस्त उतरतं. गुळाचं पाणी दिलं तर शेजारी साधं पाणी हवंच, आणि गुळाचं भांडं दुपारी धुवून टाका, नाहीतर आंबतं, मुंग्या लागतात.

भांडी रोज सोडणानं (नारळाच्या सालीनं) आणि राखेनं घासा. परळाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर शेवाळ धरायला लागलं आहे. घासून तासभर उन्हात पालथा घाला. म्हणून परळ दोन जोड ठेवावेत.

खाद्य अकरा ते चार बाजूला ठेवा. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती नेमकी भर दुपारी नको असते. पहाटे आणि ऊन उतरल्यावर पोटभर द्या.

लासोटाची, म्हणजे मानमोडी (राणीखेत) रोगावरची, लस पाण्यातून देणार असाल तर उन्हाळ्यात फार जपा. मानमोडीचा जोर याच दिवसांत असतो आणि तापलेल्या पाण्यात लस मरते, मग दिली काय न दिली काय. पहाटे उजाडता द्या. त्याआधी तासभरच पाणी काढून ठेवा, जास्त नाही. पाणी विहिरीचं, ब्लीचिंग पावडर न टाकलेलं, भांडं मातीचं किंवा प्लास्टिकचं. लिटरला 5 ग्रॅम सायीविरहित दुधाची पावडर आधी विरघळवा, बाहेरून बर्फाची बाटली लावून पाणी गार करा, मग लस मिसळा. लस दुकानातून बर्फात घालूनच आणायची. मिसळलेलं पाणी तासा-दोन तासांत संपलं पाहिजे, म्हणून मोजूनच करा.

ऊन लागलेली कोंबडी दिसली, म्हणजे मान लोंबते, डोळे मिटलेले, तुरा निळसर किंवा फिका, उभी राहत नाही, तर तिला उचलून सावलीत वाऱ्यावर न्या. घमेल्यात विहिरीचं पाणी घेऊन पाय आणि पोटाखालची बाजू बुडेल अशी धरा, तुऱ्यावर आणि गळ्याच्या लाल पाळ्यांवर ओला हात फिरवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. आणि चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं आणि वाचणारी कोंबडी हातात मरते. चोचीचं टोक पाण्याला लावा, शुद्धीत असेल तर ती स्वतः घोट घेते. सावरली तरी त्या दिवशी तिला कळपात सोडू नका, वेगळ्या डालग्याखाली ठेवा.

वळीव पडून गेला की दुपारचे फेरे कमी करता येतात, पण पहिल्या पावसाचं पागोळ्यांचं पाणी परळात साचू देऊ नका. कौलांवर वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते, ते सगळं त्या पहिल्या पाण्यात उतरतं. परळ वळचणीच्या आत घ्या, आणि मृग लागेपर्यंत अकराची आणि दीडची फेरी चालू ठेवा. पाऊस थांबल्यावर पडणारं ऊन आणि दमटपणा मिळून कोंबड्यांना एप्रिलपेक्षाही जड जातं.